अंगातलंच वल्हं, अंगातलंच सुकाणू

पहाट आहे आणि तुमच्या हातात वल्हं आहे. लाकूड ओलं, मिठाने खरखरीत झालेलं. तुमच्या तळव्याला जिथे घट्टे पडलेत बरोबर तिथेच झिजलेलं. साल इसवी सनापूर्वी ३२५. सिकंदराच्या आरमारात वल्ही मारणाऱ्या असंख्य माणसांपैकी तुम्ही एक. आरमाराचा प्रमुख निआर्कस. सिंधूचं मुख ओलांडून पावसाळी वारा उलटायची वाट बघत तुम्ही सगळे चोवीस दिवस एका बंदरात अडकून पडला होतात. आता वारा फिरलाय. मकरानचा उजाड किनारा धरून गलबतं पश्चिमेला निघाली आहेत.

वल्हं मारणारा माणूस पाठमोरा बसतो. पुढे काय आहे ते त्याला सगळ्यात शेवटी कळतं. त्यामुळे तुमच्या कानावर आधी येते ती नाळेवरच्या लोकांची ओरड. मान वळवून बघता, तर समुद्रातून पाण्याचे फवारे उठताहेत, एकापाठोपाठ एक, लोहाराच्या भात्यासारखा आवाज करत. वाटाड्यांना विचारलं जातं, हे काय? ते सांगतात, देवमासे आहेत, फिरता फिरता पाणी उडवतात. तुमच्या हातातलं वल्हं सुटतं. शेजारच्याच्याही हातातलं सुटतं.

निआर्कस गलबतागलबतापाशी जाऊन धीर देतो. लढाईला उभं राहावं तशा नाळा त्या जनावरांकडे वळवायला लावतो. आरोळ्या उठतात, कर्णे वाजतात, वल्ही पाण्यावर दणादण आपटत गलबतं सरळ अंगावर जातात. आणि अगदी जवळ पोचल्यावर ती जनावरं पाण्याखाली उतरतात. ना धक्का, ना खळबळ. थोड्याच वेळाने ती वर येतात ती गलबतांच्या मागे, आणि आता ती तुम्हालाच आधी दिसतात, कारण तुम्ही पाठमोरे बसला आहात.

ही हकिगत आपल्यापर्यंत पोचली ती एरियन या ग्रीक इतिहासकाराच्या ‘इंडिका’मुळे. देवमासे कुठल्या जातीचे होते ते त्यात नाही. पण तुम्ही आत्ता जे बघताय, तेही त्यात नाही. तुमच्या गलबतात पाऊणशे हातांनी जे काम चाललंय, ते ते जनावर एकट्याच्या अंगाने करतंय. पाठ वर येते, कमानीसारखी वाकते, शेपूट उचललं जातं आणि खाली जातं. मग ते दिसेनासं होतं आणि पाण्यावर एक गुळगुळीत लंबगोल डाग उरतो, तेल सांडल्यासारखा. आजूबाजूला लाटांची चुळबुळ, आणि मध्ये हा स्वच्छ तुकडा. शेपटीच्या फटक्याने खालचं पाणी भोवरत वर येतं आणि पसरताना बारीक लाटा पुसून टाकतं. देवमाशांच्या मागावर असणारी माणसं याला त्याची पाऊलखूण म्हणतात. तुम्ही वल्हं मारणारे आहात. प्रत्येक फटक्याला किती पाणी वाया जातं ते तुमच्या खांद्याला माहीत आहे. त्या डागाकडे तुमच्याइतकं निरखून त्या दिवशी कुणी बघितलं नसेल.

देवमाशाच्या अंगातलं हे वल्हं कुठून आलं ते बघायचं तर मागे जावं लागेल. काळात फार मागे. जागेत मात्र शेजारीच. सिंधूच्या मुखाच्या अलीकडे कच्छ.

साडेचार कोटी वर्षांपूर्वीचं कच्छ. तुम्ही गुडघाभर कोमट, गढूळ पाण्यात उभे आहात. पायांखाली चपटी गोल कवचं आहेत, बंद्या रुपयासारखी. न्युम्युलाइट म्हणतात त्यांना. एका पेशीच्या जिवांची ही घरं आजही कच्छच्या चुनखडीत सापडतात. ओळखीचं दुसरं काही शोधू नका. भारत अजून विषुववृत्ताच्या जवळपास आहे, आशियाला भिडून त्याला फार काळ झालेला नाही, आणि मधला टेथिस समुद्र मिटत चाललाय. कोकणातला आपला काळा पत्थर मात्र आहे. तो लाव्हा थंड होऊन तेव्हाच दोन कोटी वर्षं होऊन गेलीत.

काठावरच्या चिखलात काहीतरी सळसळतं. थोराड पाणमांजराएवढा प्राणी, लांबुडकं तोंड, बारीक डोळे, आखूड पाय, आणि अंगाच्या मानाने भलतंच लांब, दणकट शेपूट. याचं नाव कच्छिसेटस. सुनील बाजपाई आणि हान्स थेविसन या जीवाश्म-अभ्यासकांनी २००० साली ते ठेवलं. हा देवमासाच आहे. तुमचा विश्वास बसत नाही, साहजिक आहे. पण तो पाण्यात उतरतो तेव्हा त्याच्याकडे बघत राहा. त्याची पाठ डावी-उजवीकडे वळवळत नाही. ती वर-खाली लहरते.

आता आहात तिथेच एक तळहात पाठीच्या कण्यावर, कमरेच्या जरा वर ठेवा. पुढे वाका, मग मागे ताण द्या. त्यानंतर नुसते डावीकडे-उजवीकडे झुकून बघा. पहिली हालचाल किती मोकळी होते आणि दुसरी किती लवकर अडते ते बोटांनाच कळेल. पाल भिंतीवरून पळते तेव्हा तिचं अंग नागमोडी होतं, माशाचंही तसंच. कुत्रा, मांजर, चित्ता जिवाच्या आकांताने धावतात तेव्हा त्यांचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. सस्तन प्राण्यांनी जमिनीवर कमावलेली ही चाल. देवमाशांचे पूर्वज समुद्रात गेले तेव्हा त्यांनी माशांची चाल नव्याने शिकली नाही, आपलीच सोबत नेली. म्हणून माशाची शेपटी उभी असते आणि देवमाशाची आडवी. देवमासा म्हणजे पाण्यात चौखूर उधळलेला प्राणी, आणि ही उधळण आपल्या उपखंडाच्या किनाऱ्यांवर सुरू झाली हे मला अजूनही विलक्षण वाटतं. शाळेत आम्हाला देवमासा म्हणजे बर्फाच्या समुद्रातलं काहीतरी असंच शिकवलं होतं.

कच्छिसेटसला अजून चार पाय आहेत. पुढच्या काही दशलक्ष वर्षांत त्याच्या भाऊबंदांची कंबर कण्यापासून सुटत जाईल. आजच्या देवमाशाच्या अंगात कमरेची दोन छोटी हाडं नुसती मांसात रुतलेली असतात. कण्याशी त्यांचा सांधा नाही. कंबर सुटली म्हणून शेपटापर्यंतचा सगळा कणा एकसंध झाला, आणि पाठीवरचे व पोटाकडचे जाडजूड स्नायू त्याला आळीपाळीने ओढायला मोकळे झाले. शेपटाच्या टोकाला जी रुंद पाती दिसतात त्यांत हाड नाहीच. मधोमध मणक्यांची बारीक होत गेलेली ओळ, आणि दोन्ही बाजूंना घट्ट विणलेले चिवट तंतू. पात्यांच्या अलीकडचा भाग दोन्ही बाजूंनी चपटा, उंचीला जास्त आणि जाडीला कमी, वर-खाली जाताना पाणी सुरीसारखं कापणारा. तुमच्या वल्ह्याची दांडी गोल होती. तिने पाणी नुसतं ढवळलं. आणि एक फटका मारून झाला की तुम्हाला वल्हं पाण्याबाहेर काढून मागे न्यावं लागत होतं. देवमाशाचं वल्हं वर जातानाही ढकलतं आणि खाली येतानाही.

आता त्याच्या कानाजवळ या.

तुमच्या कानाच्या आत, हाडात कोरलेल्या तीन बारीक कमानी आहेत, द्रवाने भरलेल्या. डोकं फिरलं की तो द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. फुगडी थांबल्यावरही अंगण फिरत राहतं ते याच द्रवामुळे. जमिनीवरून चपळ धावणाऱ्या प्राण्यांत या कमानी चांगल्या मोठ्या असतात, कारण धावताना डोकं हेलकावतं आणि मान ते सावरत असते. देवमाशाची मान आखूड होत गेली. डोकं अंगाला जखडलं गेलं. प्रत्येक गिरकीत डोक्यालाही पूर्ण गिरकी बसू लागली. एवढ्या मोठ्या कमानी घेऊन समुद्रात कोलांट्या मारायच्या म्हणजे जन्मभर भोवळ. २००२ साली या कमानींची मापं प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की देवमाशांच्या इतिहासात त्या फार लवकर आक्रसल्या, अजून पाय शाबूत होते तेव्हाच. आज निळ्या देवमाशाच्या कानातल्या या कमानी तुमच्या-माझ्या कानातल्यांपेक्षा लहान आहेत. जगातलं सगळ्यात मोठं जनावर, आणि त्याच्या तोलाचा काटा माणसाच्या काट्यापेक्षा बारीक.

कानावरून आठवलं म्हणून सांगतो. जम्मूतल्या कालाकोटला ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. ते गेल्यावरही दगड तसेच पडून होते. पुढे त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्या हाती सोपवले. साफ करताना एका कवटीचं कानाचं हाड चुकून मोडलं, आणि आत दिसली ती फक्त देवमाशांच्याच कानात असते तशी जाड भिंत. कवटी होती मांजराएवढ्या, हरणासारख्या पायांच्या एका प्राण्याची. इंडोहायस हे त्याचं नाव, खुद्द राव यांनीच कित्येक वर्षं आधी ठेवलेलं. देवमाशांच्या सगळ्यात जवळचा जमिनीवरचा नातलग हा, असं २००७ मध्ये जगापुढे आलं. राव यांना ते बघायला मिळालं नाही.

आता पुढे या. सत्तर हजार वर्षांपूर्वी, पुन्हा अरबी समुद्रातच. हिमयुग चालू आहे. समुद्र आजच्यापेक्षा बराच खाली, मुंबईपुढच्या उथळ पाण्याचा मोठा भाग कोरडा. ओमानच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली उतरा. गार लागतं ना? नैर्ऋत्येचा वारा इथे किनाऱ्याला समांतर वाहतो आणि वरचं पाणी बाहेर लोटतो. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, खतासारखं कसदार पाणी वर येतं. त्यावर हिरवळ माजते, हिरवळीवर कोळंबीसारखे बारके जीव, त्यांवर तारलीचे थवे.

त्या थव्याखाली जी सावली सरकतेय, ती हंपबॅकची. मराठीत काहीजण त्याला कुबड्या देवमासा म्हणतात. ते ‘कुबड’ म्हणजे बुडी मारताना वाकलेली पाठ, एवढंच. लांबी १४ मीटर धरा, आपल्या एसटीपेक्षा जास्त. वजन २५ ते ३० टन.

अगदी जवळ जा. त्याच्या बाजूचा पर तुमच्या डोक्यावर पसरलाय, साडेचार मीटर लांब. दुसऱ्या कुठल्याही देवमाशाचा पर अंगाच्या मानाने इतका लांब नाही. वरून चाचपडून बघितलं तर पर, आतून मात्र हात आहे. खांद्याचा सांधा तुमच्यासारखाच, गोल आणि सैल. कोपर आखडून गेलेलं. मग मनगट, आणि चार बोटं, प्रत्येक बोटात तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त पेरं. पराच्या पुढच्या कडेवर हात फिरवा. कड सरळ नाही. मुठीएवढे उंचवटे आहेत, नऊ-दहा-अकरा, ओळीने, कडांवर बार्नेकलची खडबडीत कवचं चिकटलेली. डोक्यावरही गाठी आहेत आणि प्रत्येक गाठीतून एकेक केस निघालाय. जमिनीवरच्या दिवसांची तेवढीच निशाणी अंगावर उरली आहे, आणि तीसुद्धा रिकामी नाही, तो केस पाण्याची हालचाल हेरतो.

परावरच्या त्या उंचवट्यांकडे माणसाचं लक्ष जायला बरीच वर्षं लागली. फ्रँक फिश हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ बॉस्टनच्या एका दुकानात देवमाशाची छोटी मूर्ती न्याहाळत होते. त्यांना वाटलं, शिल्पकार चुकला, उंचवटे पुढच्या कडेला कसे असतील? विमानाच्या पंखाची पुढची कड गुळगुळीतच हवी. चूक शिल्पकाराची नव्हती. पुढे फिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परांच्या प्रतिकृती केल्या, एक गुळगुळीत आणि एक उंचवट्यांची, आणि त्या हवेच्या बोगद्यात तपासल्या. पंख फार तिरका केला की त्यावरचा प्रवाह सुटतो आणि पंख उचलायचं थांबतो. उंचवट्यांच्या परावर ती वेळ सुमारे ४० टक्के जास्त तिरकेपणापर्यंत येत नाही, असं २००४ साली त्यांनी दाखवलं. उंचवट्यांच्या मधल्या खाचांतून पाणी भोवरत जातं आणि पराला धरून राहतं.

आता ते कशासाठी, ते तुमच्या डोळ्यांसमोर घडतंय. तारलीचा थवा उजवीकडे फुटतो. हंपबॅक शेपूट थांबवतो. डावा पर वर, उजवा खाली, तीस टनांचं अंग कुशीवर कलतं, घारीने आभाळात कलावं तसं. वळताना तो मागचं सुकाणू मुरडत नाही. तो अंग तिरकं करतो आणि परांवर पाण्याचा भार तोलून त्या भारानेच वळतो. एवढं आखूड वळण त्याच्या लांबीचा दुसरा कुठलाही देवमासा घेत नाही. मग तोंड उघडतं, गळ्याच्या घड्या फुगतात, आणि ऐन त्या क्षणी तो दोन्ही पर पक्ष्यासारखे फडकवून एक झोका घेतो. शेपटीने चालायचं आणि परांनी वळायचं, हा ढोबळ हिशेब इथे मोडतो. परही जोर देतात.

सत्तर हजार वर्षांपूर्वीच का थांबलो, ते आता सांगतो. जगातले बाकी हंपबॅक वर्षाला हजारो किलोमीटरची वारी करतात. ध्रुवाकडच्या थंड पाण्यात खायचं, उष्ण पाण्यात येऊन पिल्लं द्यायची. अरबी समुद्रातल्यांनी ती वारी सोडली. इथे पावसाळी वारा अन्नच दारात आणून टाकतो. जनुकांच्या अभ्यासातून असा हिशेब निघतो की सुमारे ७० हजार वर्षं यांचा दक्षिणेकडच्या भावकीशी रोटी-बेटी व्यवहार नाही. त्यांचं गाणंही वेगळं. हे आपले स्थायिक आहेत, मूळचे.

नोव्हेंबर १९६६. इथे जास्त वेळ थांबवत नाही, पण टाळताही येत नाही. तुम्ही पोलादी डेकवर उभे आहात आणि पाय घसरताहेत. सोव्हिएत संघाचे दोन कारखानी ताफे, ‘स्लावा’ आणि ‘सोव्हिएत्स्काया उक्राइना’, अंटार्क्टिकाकडे जाता जाता अरबी समुद्रात थांबलेत. या पाण्यात अशा ताफ्यांना शिकारीची बंदी आहे. पुढच्या छोट्या वेगवान बोटींच्या नाळेवर हार्पूनची तोफ. समोर फवारा उठतो, पाठ वाकते, जनावर कुशीवर कलतं, परांवर तोललेलं तेच आखूड वळण घेतं. बोटही वळते. इंजिनाला श्वास घ्यायला वर यावं लागत नाही.

ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यापुढे, १९६५-६६ मिळून २४२ हंपबॅक मारले गेले, जवळजवळ सगळे त्या एका नोव्हेंबरात. आंतरराष्ट्रीय नोंदींत ते दाखवलेच नाहीत. खरे आकडे युरी मिखालेव यांच्यासारख्या ताफ्यावरच्या जीवशास्त्रज्ञांनी जपले आणि सोव्हिएत संघ बुडाल्यावर उघड केले. डेकवर माद्या चिरल्या जात होत्या तेव्हा पोटातल्या गर्भांची मापं घेतली गेली. हे हंपबॅक उत्तर गोलार्धाच्या ऋतूंप्रमाणे पिल्लं देतात, म्हणजे दक्षिणेतून आलेले पाहुणे नव्हेत, हे त्या मापांतून कळलं. इतकी मोलाची गोष्ट अशा रीतीने कळावी याचा मला संताप येतो, आणि ती लिहिताना दर वेळी येतो. २००० नंतरच्या छायाचित्रांवरून ओमानच्या पाण्यातल्या हंपबॅकची संख्या काढली गेली तेव्हा आकडा आला ८२.

त्यांतली एक बघायला २०१७ च्या नोव्हेंबरात या. ओमानचा किनारा, मसिरा बेटाकडचं पाणी. तुम्ही रबरी बोटीत आहात. संशोधकांनी लांब काठीच्या टोकाने एका मादीच्या पाठीवर छोटा ट्रान्समीटर लावलाय. ती बुडी मारते, शेपूट उभं राहतं, आणि पात्यांच्या खालच्या बाजूवरची काळी-पांढरी नक्षी क्षणभर दिसते. प्रत्येक हंपबॅकची ही नक्षी वेगळी, अंगठ्याच्या ठशासारखी. हिच्या नक्षीत एका झाडाचा आकार आहे. ओमानात धुपाची झाडं होतात, तो धूप म्हणजे लुबान. हिचं नाव तेच ठेवलंय.

ओमानच्या बाकी हंपबॅकांवर याआधी लावलेले ट्रान्समीटर किनाऱ्याला धरूनच हिंडले होते. डिसेंबरात लुबान किनारा सोडते आणि पूर्वेला निघते. खुल्या समुद्रात.

तुम्ही तिच्या बाजूने पोहताय असं समजा. पहिल्या दिवशी पाठीमागे किनारा होता. आता खाली तीन-साडेतीन हजार मीटर अंधार, वर आभाळ, आणि कुठल्याही दिशेला एकसारखं पाणी. तांडेलाला रात्री तारे आहेत, हाताशी होकायंत्र आहे, आता तर जीपीएस आहे. तिच्याजवळ काय आहे? दक्षिण अटलांटिक आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये सोळा हंपबॅकांचा माग काढला गेला होता. तो अभ्यास २०११ साली आला. दोनशे किलोमीटरहून लांब टप्प्यांत त्यांची दिशा बऱ्याचदा एका अंशानेही ढळत नव्हती. आडवे प्रवाह, वादळं, काहीही असो. प्रवाह बाजूला ढकलतोय हे ओळखून तेवढंच उलट झुकायचं, तेही खुणेचा एकही खांब नसताना. सूर्य एकटा एवढं सांगू शकत नाही, कारण तो रोज सरकतो. पृथ्वीचं चुंबकत्व एकटं सांगू शकत नाही, कारण ते त्या वाटांवर जागोजागी बदलत होतं आणि देवमासे सरळच जात होते. बहुधा दोन्ही, आणि त्यांत आवाजाची भर. पाण्यात खर्जाचा आवाज शेकडो किलोमीटर जातो. डोंगर, उतार, किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा, सगळ्यांचा आवाज वेगळा. तुमचे कान पाण्यात बधिर होतात, आवाज कुठून आला ते कळत नाही, कारण तो कवटीच्या हाडातूनच आत घुसतो. तिचे कान कवटीपासून बरेचसे सुटे झालेत. डावं-उजवं तिला कळतं. आणि म्हणूनच मुंबई आणि आखाताकडच्या मालवाहू जहाजांची घरघर तिच्यासाठी नुसता त्रास नसतो. ती वाट ज्या कानाने धरते, त्याच कानात ही घरघर भरते.

तरी ती येते. सुमारे दीड हजार किलोमीटर कापून गोव्यासमोर. ओमानजवळ टॅग लावलेला हंपबॅक अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आला, हे नोंदीत प्रथमच. गोव्याच्या पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकांवर हंपबॅकचं गाणंही टिपलं गेलंय. म्हणजे मालवणचा रापणकर रापण लावतो, वेंगुर्ल्याचा ट्रॉलर बांगडा ओढतो, तो दर्या तिच्याही ओळखीचा असावा.

गोव्याहून ती दक्षिणेला वळते. उजव्या बाजूला मोकळा समुद्र, डाव्या बाजूला कारवार, मंगळूर, कोची. किनारा दिसत नाही, पण पाणी उथळ होत आल्याचं तिला जाणवत असणार. श्वास घ्यायला ती वर येते तेव्हा तुम्हीही या. आधी तो भात्याचा आवाज, मग फुप्फुसातली जवळजवळ सगळी हवा एका फटक्यात बाहेर, आणि दोन सेकंदांत नवी आत. मासळीचा उग्र वास असलेले थेंब तुमच्या तोंडावर येतात. पाठीवरचा ट्रान्समीटर पाण्याबाहेर आल्या आल्या उपग्रहाला खूण पाठवतो, आणि दूर कुठल्या तरी टेबलावरच्या नकाशात एक ठिपका वाढतो.

नव्या वर्षात ती कन्याकुमारीपर्यंत पोचते. देशाचं टोक. इथे समुद्रांची पाणी एकमेकांत मिसळतात आणि पुढे सगळं उघडं आहे. श्रीलंका, बंगालचा उपसागर, थेट अंटार्क्टिका. ज्या भावकीशी सत्तर हजार वर्षं संबंध नाही, तिच्याकडे जाणारं पाणी इथूनच सुरू होतं.

लुबान शेपूट थांबवते. थोडा वेळ नुसती सरकत राहते, अंगातल्या वेगावर. मग डावा पर वर जातो. पुढच्या कडेवरचे उंचवटे तुम्हाला एकेक मोजता येतात इतकं ते वळण संथ आहे. आत, हाडाच्या इवल्या कमानींत, द्रव जेमतेम हलतो. अंग कुशीवर कलतं, उजवा पर पाण्याचा भार घेतो, पांढरं पोट क्षणभर वरच्या उजेडाकडे होतं आणि पुन्हा खाली जातं. ती सरळ होते तेव्हा तिचं तोंड उत्तरेला आहे, जरा पश्चिमेकडे झुकलेलं. ओमानच्या दिशेला. कणा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो.

वर पाण्यावर एक गुळगुळीत लंबगोल तुकडा उमटतो. त्याच्या पुढे थोड्या अंतरावर दुसरा. मग तिसरा. पहिल्यावर बारीक लाटा चढू लागल्यात.